घालायचं का ठेवायचं?

अमरावतीत राजापेठचं रेल्वे फाटक पडलं, की दोन्ही अंगाची माणसं जवळपास एकदमच डावं मनगट वर करायची. बडनेऱ्याची गाडी निघून जाईस्तोवर कोर्टाची तारीख सापडेल का, शाळेची घंटा होऊन गेली असेल का, याचे हिशोब तिथंच उभ्याउभ्या व्हायचे. सायकली, सायकलरिक्षा, कापसाची बंडी, सगळे एकाच रांगेत. ज्याच्या हाताला घड्याळ नसे तो शेजारच्याला विचारायचा, ‘किती वाजले जी?’ शेजारचा बाही मागं सारायचा, काट्यांकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहायचा आणि मग सांगायचा. वर ‘माझी दोन मिनिटं पुढे आहे’ ही पुस्ती जोडायचा.

आता तिथं वरून उड्डाणपूल आहे आणि खालून भुयारी रस्ता. ताटकळणं संपलं, हे बरंच झालं. त्यासोबत अनोळखी माणसाला वेळ विचारणंही संपलं. ज्याच्या त्याच्या खिशातला फोन वेळ सांगतो आणि साऱ्या गावाला एकच सांगतो. तेव्हा दोन मनगटांवर दोन वेगळ्या वेळा असायच्या आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

त्या दिवसांतलं एक घड्याळ यंदा माझ्या वाट्याला आलं. जुन्या घराची आवराआवर निघाली. पितळेची भांडी भावाकडे गेली, शिवणयंत्र आत्याकडे गेलं आणि आजोबांचं, म्हणजे आबाजींचं, मनगटी घड्याळ, कुणालाच नको होतं म्हणून, माझ्याकडे आलं. एचएमटीचं ‘जनता’. बंद पडलेलं. ‘दुरुस्त करावं का?’ असा विषय जेवताना निघाला. अर्ध्या घराचं मत पडलं, कशाला पैसे घालवता. उरलेल्या अर्ध्याचं मत पडलं, आठवण आहे, हातच लावू नका. मी दोन्हीकडची भाषणं ऐकत होते आणि मनात एकच येत होतं, की आबाजींच्या काळी हा विषय निघालाच नसता. घड्याळ बंद पडलं तर ते दुरुस्तीला टाकायचं. विचार करायचा तो एवढाच, की कोणाकडे टाकायचं आणि बाजाराच्या दिवसाआधी मिळेल का.

याला कारणं होती. घड्याळ ही वस्तू सहज मिळणारी नव्हती. आधीच्या पिढीत घड्याळ म्हणजे विलायतीच. वेस्ट एंड, फेव्हर ल्युबा, रोमर ही नावं वकील, डॉक्टर आणि मालगुजारांच्या मनगटावर दिसत. यातली वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झालेली. तिची घड्याळं रेल्वेत आणि पलटणीत चालत. सामान्य माणसाच्या हाताला घड्याळ आलं ते पुढं. १९६१ साली एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळुरात हातघड्याळांचा कारखाना उभा केला. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. मग जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन, बायकांसाठी सुजाता अशी नावं घरोघर झाली. ‘जनता’ हे त्यातलं सर्वांत साधं. रोज चावी द्यायची, सतरा ज्वेल्स, ना तारीख ना वार. त्यातच एक देवनागरी आकड्यांचं निघालं. आबाजींचं ते आहे.

आमच्या वऱ्हाडात घड्याळं घेण्याचा एक हंगाम असे. कापसाचे चुकारे हाती आले, की कापडदुकानात, सोनाराकडे आणि घड्याळाच्या दुकानात एकदमच गर्दी व्हायची. लागूनच लग्नसराई. नवरदेवाच्या मागणीत सायकल, ट्रान्झिस्टर आणि घड्याळ हे ठरलेलं त्रिकूट. मांडवात बसलेल्या नवऱ्याचा डावा हात फोटोत जरा पुढंच आलेला दिसतो, तो उगाच नाही. आणि नोकरी संपल्यावरही घड्याळच. ज्या दिवशी माणूस वेळेच्या कटकटीतून सुटायचा, नेमक्या त्याच दिवशी सगळा स्टाफ वर्गणी काढून त्याला घड्याळ द्यायचा. यातली गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नसे.

आबाजी अमरावतीच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात टाइमकीपर होते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला, की रेचे रात्रंदिवस चालायचे. भोंगा वाजवायची वेळ सांगायचे ते आबाजी. हजेरीच्या वहीत कोण वेळेवर आलं, कोण उशिरा आलं, हे लिहायचे तेही आबाजीच. कापूस वेचून साफ करणाऱ्या बायका आसपासच्या वस्त्यांतून पायी यायच्या. त्यांच्यापैकी एकीच्याही हाताला घड्याळ नव्हतं. त्यांचा दिवस भोंग्यावर आणि आबाजींच्या मनगटावर चालायचा. त्या त्यांना ‘घडीवाले बाबू’ म्हणत.

असं घड्याळ चुकून चालणार नव्हतं. सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी टोले पडायचे, तेव्हा आबाजी चावी बाहेर ओढून तयार असत. शेवटच्या टोल्याला चावी आत. मग ती अंगठ्यानं आणि तर्जनीनं फिरवून कमान भरायची, अडकली की थांबायचं. हे काम घरात दुसऱ्या कुणी करायचं नाही. आम्ही पोरं हट्ट करायचो, तर ते घड्याळ कानाला लावून द्यायचे, पण हातातून सोडायचे नाहीत. सेकंदाला पाच टिकटिक, तासाला अठरा हजार. हा आकडा मला आता कळला. तेव्हा ती टिकटिक मोजायच्या आधीच निसटायची.

या साऱ्याच्या मागं गावात घड्याळजींची एक फळी उभी होती. दुकान म्हणजे बहुधा एखाद्या पानठेल्याएवढी जागा. काचेची पेटी, तिच्यावर उलटे घातलेले काचेचे पेले आणि प्रत्येक पेल्याखाली कुणाचं तरी उघडं घड्याळ. धूळ बसू नये म्हणून. चिमटे, बारीक पेचकस, पेट्रोलाची वाटी, डोळ्यात अडकवलेलं भिंग. समोर स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक जागचं हलायचं नाही, कारण त्याला संशय असायचा. घड्याळात सतरा ‘ज्वेल्स’ आहेत, म्हणजे सतरा माणकं आहेत, आणि आपण पाठ फिरवली की घड्याळजी त्यातली दोन काढून घेईल, अशी साऱ्या गावाची खात्री होती. माणकं असतात हे खरं. चाकांच्या दांड्यांची टोकं त्यात फिरतात, म्हणजे धातूवर धातू घासून झीज होत नाही. पण ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कारखान्यात कृत्रिमरीत्या बनतात, आणि चोरून विकली तर त्याला चहाचेही पैसे सुटले नसते. तरी लोक राखण करत बसायचे, आणि बसल्याबसल्या गावभरच्या गप्पा व्हायच्या. दुरुस्तीला लागणारा वेळ गिऱ्हाइकाच्याही आयुष्यातला असायचा.

मग ही सारी व्यवस्था थोड्या वर्षांत ढासळली. जपानच्या सायको कंपनीनं १९६९च्या नाताळात क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, ते आपल्याला फार दूरचं होतं. आपल्याकडे हे वारं शिरलं ते ऐंशीच्या दशकात. १९८४ साली टाटा आणि तमिळनाडूचं औद्योगिक महामंडळ यांनी मिळून टायटन काढली आणि १९८७ पासून तिची घड्याळं बाजारात आली. सेल घाला आणि विसरून जा. सेलवरचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पाच टिकटिकींनी त्याच्याशी काय बरोबरी करायची? चावीचं घड्याळ दिवसाकाठी अर्धं-एक मिनिट इकडेतिकडे जातं, सेलवालं महिन्याकाठी पाव मिनिट. एचएमटीनंही क्वार्ट्झ काढलं होतं, पण भर चावीच्या घड्याळांवरच राहिला. जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तोवर निम्म्या देशानं घड्याळ घालणंच सोडलं होतं. आज ज्यांच्या मनगटावर काही आहे, त्यांना ते पावलं मोजून दाखवतं, झोप मोजून दाखवतं, आणि ‘उठा, जरा चाला’ असा दमही भरतं. आबाजींचं घड्याळ फक्त वेळ दाखवायचं. दम आबाजी भरायचे.

तर असं हे घड्याळ घेऊन मी राजापेठेत गेले. घड्याळाचं दुकान म्हणून जे शोधलं, तिथं दर्शनी भागात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. त्यांच्या मागं भिंतीवरची प्लॅस्टिकची घड्याळं, आणि त्यांच्याही मागं भिंग लावलेले एक काका. ‘दिवसभर सेल बदलतो,’ ते म्हणाले. ‘पोट्टं पुण्याले कंपनीत आहे. त्याले हे भिंग लावून बसनं कोठी जमते?’ घड्याळ हातात घेऊन त्यांनी पाहिलं. ‘कोनाची घडी आहे ताई? मालकाची का?’ माझ्या आबाजींची, आणि मीच घालणार आहे, असं म्हटल्यावर त्यांनी भिंग वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या उमेदीच्या काळात बायकांचं घड्याळ म्हणजे सुजाता, नखाएवढी तबकडी, दोन काटे आहेत का एक हे शोधावं लागायचं. मग ते म्हणाले, ‘घालाची आहे का ठेवाची आहे, ते आधी सांगा. मंग मी सांगतो काय कराचं ते.’

साऱ्या घराचा वाद त्या माणसानं एका वाक्यात निकालात काढला. ठेवायचं असेल, तर काहीच करायची गरज नसते. सेलचं घड्याळ असेल तर तेवढा सेल काढून टाकायचा, नाहीतर तो आत पाझरतो. चावीच्या घड्याळाला तीही भीती नाही. कोरड्या जागी ठेवायचं, झालं. घालायचं असेल, तर मात्र आधी यंत्राची तब्येत पाहावी लागते. कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं घड्याळ हाती आल्याबरोबर चावी देऊन चालवू नये. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, आणि तशा कोरड्या अवस्थेत चालवलं तर दांड्यांची टोकं झिजतात. हलकेच हलवून पाहावं. सेकंदकाटा दोन-चार पावलं टाकून थांबला, तर बॅलन्सचं चाक शाबूत आहे आणि दुखणं बहुधा तेलाचंच आहे. चावी फिरतच राहिली आणि कुठं अडकलीच नाही, तर कमान तुटली असण्याचा संभव. तीही बदलता येते. खरा वैरी गंज. चावीच्या फटीतून एकदा पाणी शिरलं आणि तबकडीखाली तांबूस पूड दिसली, तर मग खर्चाचा हिशोब वेगळा.

‘जनता’चं बरं असं, की ती लाखांनी निघाली आणि सगळ्यांचं यंत्र बव्हंशी सारखं. त्यामुळे सुटे भाग मेलेल्या घड्याळांतून मिळतात. काकांकडे बिस्किटाचा एक डबा भरून तशी घड्याळं होती. तेच एखादं जुनं विलायती घड्याळ निघालं, तर एका दांडीसाठी वर्ष काढावं लागेल. त्या फार जुन्या घड्याळांचे अंधारात चमकणारे आकडे रेडियमच्या रंगाचे असायचे. चमक कधीच गेलेली असते. पण रेडियमचा निम्मा ऱ्हास व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. असं घड्याळ घरी उघडून, तबकडी खरवडून साफ करायच्या फंदात कुणी पडू नये.

काकांनी मागचं झाकण काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेले बारीक आकडे होते. घड्याळ उघडलं की घड्याळजी अशी खूण करून ठेवतात. पुढच्या वेळी आपणच केलं होतं का, कधी केलं होतं, हे त्यावरून कळतं. दहा एकाहत्तर. नऊ चौऱ्याहत्तर. दहा सत्त्याहत्तर. एकाखाली एक, निरनिराळ्या हातांची. महिना मात्र प्रत्येक ठिकाणी सप्टेंबर नाहीतर ऑक्टोबर. याचा उलगडा काकांनीच केला. चाकांच्या जाळीतून चिमट्यानं त्यांनी काहीतरी ओढलं आणि काळ्या कापडावर ठेवलं. एक पांढरा तंतू, पापणीच्या केसाहून बारीक, तेलानं एका टोकाला पिवळा पडलेला. ‘कापसाच्या कामावर होते का जी तुमचे आबाजी?’ जिनमध्ये हवेत तूस उडत असतो, नाकात जातो, डाळीत पडतो, तसाच चावीच्या फटीतून घड्याळातही जायचा. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर आबाजी घड्याळ धुवून घ्यायचे. शेतकरी पेरणीआधी तिफण ठीकठाक करून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

शेवटची खूण होती दहा शहाऐंशीची. पुढच्या वर्षी आबाजी निवृत्त झाले. कारखान्यातल्या लोकांनी त्यांना सेलवर चालणारं सोनेरी घड्याळ दिलं आणि मला आठवतं तसं पुढं ते तेच घालत. ‘जनता’ कपाटात गेलं. म्हणजे हे घड्याळ दुरुस्त करायचं की नाही, याचा निर्णय खुद्द आबाजींनी एकदा घेतलेला होता, आणि तो ‘नाही’ असा होता. काम संपलं, अवजार ठेवून दिलं.

इथं माझ्या स्मरणरंजनाला चांगलाच चाप बसला. जुनी माणसं वस्तूंवर किती जीव लावायची, हे आपण उठताबसता बोलतो. जीव लावायची, पण ज्या अर्थानं आपण म्हणतो तसा नाही. काचेवर ओरखडा आला, काच बदला. तबकडी काळवंडली, नवी टाका. चावी झिजली, दुसऱ्या कंपनीची बसली तरी चालेल. आबाजींच्या या घड्याळावर मूळची अशी काच नाही, पट्टा नाही, चावीही बहुधा नाही. ‘ओरिजिनल’चा सोस आपला आहे, कारण आपल्याला त्याच्यावर गाडी पकडायची नाही. काकांनाही हा बदल जाणवलेला होता. तबकडी पुन्हा रंगवून कोरी करकरीत करून देतो, असं ते आधी म्हणाले. मी नको म्हटलं, तेव्हा हसले. ‘पह्यले लोकं म्हनत, एकदम चकाचक करून द्या. आता म्हनतात, डाग राहू द्या, घडी चालू करा. तुम्ही म्हनान तसं.’

मी नको म्हटलं त्याला थोडं व्यवहाराचंही कारण होतं. जुन्या घड्याळांची तबकडी भडक रंगात रंगवायची, काटे कुठले तरी लावायचे आणि परदेशी हौशी लोकांना विकायचं, हा धंदा आपल्याकडे इतका फोफावला, की जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात. पण खरं सांगायचं तर मला ते विकायचंच नाही. चारच्या आकड्याजवळ तबकडीला एक तपकिरी डाग आहे, दमटपणानं पडलेला. तो मी लहानपणापासून ओळखते. कानाला घड्याळ लावून झालं, की पुढं डोळ्यांसमोर तोच यायचा. तबकडी बदलली तर घड्याळाचं काही बिघडणार नाही, माझी ओळख पुसेल.

तेव्हा ठरलं ते असं. यंत्र पूर्ण उघडून धुवायचं, तेल द्यायचं, कमान नवी घालायची, काच बदलायची, कारण आतलं दिसतच नव्हतं. तबकडी, काटे आणि केसवरचे ओरखडे जसेच्या तसे. मागच्या झाकणावरचे आकडे पुसायचे नाहीत, आणि काकांनी त्यांच्याखाली आपली खूण करायची. ती त्यांनी केली. मजुरी ऐकून भाऊ म्हणाला, एवढ्यात तर नवं घड्याळ आलं असतं. आलंच असतं. या हिशोबात आपण कधी जिंकत नाही आणि जिंकायची गरजही नाही. जिथं यंत्र गंजलेलं आहे, भाग मिळत नाहीत आणि घालायला कुणी उत्सुक नाही, तिथं मी कुणालाही दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका असंच सांगेन. घड्याळ घालणारा मनगटासकट हजर असेल, तरच त्या खर्चाला अर्थ आहे. आजोबांच्या नावानं दुरुस्त करून परत कपाटात ठेवायचं असेल, तर आजोबांना त्यातलं काही पोचत नाही.

घड्याळ आता चालतं. रोज रात्रीपर्यंत साधारण मिनिटभर मागं पडतं, आणि सकाळी मी ते फोनकडे पाहून जुळवून घेते. काका म्हणाले, अजून थोडं नीट लावून देता येईल, घेऊन या. मी अजून गेलेले नाही. आबाजींना हे मिनिट परवडलं नसतं. भोंगा मिनिटभर उशिरा वाजला, तर शंभर बायकांचं तेवढं काम जास्त व्हायचं. आणि घड्याळ पुढं धावलं, तर वेळेवर आलेली बाईसुद्धा वहीत उशिरा आली म्हणून चढायची, आणि तिच्या रोजातून पैसे कापले जायचे. त्या बायकांना घड्याळ खोटं ठरवता येत नव्हतं, म्हणून घड्याळवाल्यानं ते खरं राखायचं, एवढा साधा हिशोब त्या झाकणावरच्या आकड्यांमागं होता. माझ्या मिनिटावर कुणाचा रोज अवलंबून नाही. तेव्हा आणि आता यांतलं अंतर मला एवढंच दिसतं, आणि ते काही लहान नाही.